क्लासचा फलक, फीची पावती आणि मुलाचा मोबाइल क्रमांक : मराठवाड्यातील पालकांसाठी तक्रारीची वाट

दहावीचा निकाल लागला की उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार, गंगाखेड, अंबाजोगाई, केज या भागांतली लेकरे आई-वडिलांसह लातूरच्या किंवा नांदेडच्या बसस्थानकावर उतरतात. उतरल्याबरोबर दिसतात ते नीट आणि जेईईच्या निकालांचे फलक. लातूरच्या ट्युशन एरियात तर एका चौकात उभे राहून मान फिरवली की शेकडो हसरे चेहरे दिसतात आणि त्यांतला एखादा चेहरा दोन-तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवरही सापडतो. नेमक्या याच दिवसांत पेरणी तोंडावर आलेली असते. बी-खतासाठी ठेवलेला पैसा फीत जातो आणि वर्षभराची रक्कम एकदम भरून घेतली जाते. पुढे काही बिनसले की पालक म्हणतात, "आता काय करणार, फी तर भरून बसलो." करता येण्यासारखे बरेच असते, मात्र ते फी भरण्याच्या आधीपासून करावे लागते.

सुरुवातीलाच एक भेद लक्षात घ्यावा. क्लासविषयीच्या तक्रारी तीन जातींच्या असतात आणि तिन्हींची दारे वेगळी आहेत. आपले पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. फसवी जाहिरात थांबावी असे वाटत असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण किंवा जिल्हाधिकारी. मुलाचा क्रमांक कोणीतरी वाटला आणि फोनचा ताप सुरू झाला असेल तर दूरसंचार नियामकाची 1909 ही सेवा आणि त्याबरोबर क्लासलाच लेखी पत्र. तिन्ही तक्रारी एकाच अर्जात कोंबून तो चुकीच्या दारात दिला की महिने वाया जातात.

फलक कसा वाचावा

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी क्षेत्रातील फसव्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या केंद्रांना ती लागू होतात. त्यांतल्या ज्या अटी पालकाला रस्त्यावर उभे राहूनही तपासता येतात, त्या अशा. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र छापले असेल तर त्यासोबत त्याचे नाव, परीक्षेतला क्रमांक, त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, तो किती काळाचा होता आणि त्यासाठी पैसे घेतले होते की नाही, हे सांगणे बंधनकारक आहे. छायाचित्र वापरण्यासाठी विद्यार्थ्याची लेखी संमती लागते आणि ती निवड झाल्यानंतरच घ्यायची असते, प्रवेशाच्या दिवशी छापील अर्जावर सही घेऊन मोकळे होता येत नाही. खुलासा कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत देण्यालाही मनाई आहे, कारण दावा ज्या आकाराच्या अक्षरांत असेल त्याच आकारात खुलासा हवा. हमखास प्रवेश, हमखास निवड, "शेवटच्या पाच जागा" अशी खोटी घाई, शिक्षकांच्या पात्रतेविषयी फुगवलेले दावे, हे सगळे निषिद्ध आहे.

एकच मुलगा तीन फलकांवर कसा येतो, याचे उत्तर या अटींतच आहे. त्याने दोन वर्षे शिकवणी एका ठिकाणी घेतलेली असते, सराव परीक्षा दुसऱ्या ठिकाणी दिलेल्या असतात आणि शेवटच्या महिन्याचे उजळणी वर्ग तिसऱ्या ठिकाणी केलेले असतात. तिघेही "आमचा विद्यार्थी" म्हणतात आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्यही असते. लपवलेली असते ती अभ्यासक्रमाची माहिती. नागरी सेवा परीक्षेच्या अनेक शिकवणी केंद्रांना प्राधिकरणाने दंड केला, तो याच कारणासाठी. यशस्वी म्हणून मिरवलेल्या उमेदवारांपैकी बहुतेकांनी तिथे केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन, तेही कित्येकदा मोफत, घेतले होते आणि जाहिरात मात्र संपूर्ण अभ्यासक्रमाची केली होती.

म्हणून प्रवेशाच्या चौकशीला गेल्यावर समुपदेशकाला सरळ विचारावे, की फलकावरची ही मुले कोणत्या बॅचला होती, तिची फी किती होती आणि त्या बॅचमध्ये एकूण विद्यार्थी किती होते. दोनशे निवडी दोनशे दहा मुलांतून झाल्या की दोन हजारांतून, यावर सगळे अवलंबून असते आणि फलकावर हा खालचा आकडा सहसा नसतो. उत्तर तोंडी मिळाले तर घरी परत जातानाच त्याच समुपदेशकाला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावे : "आज आपण सांगितल्याप्रमाणे बॅचमध्ये साठ विद्यार्थी असतील, भौतिकशास्त्र अमुक सर शिकवतील आणि दोन महिन्यांत न पटल्यास उरलेली फी परत मिळेल, असे मी समजतो. यात काही चूक असल्यास कळवावे." पुढे वाद झाला तर हा एक संदेश पाच साक्षीदारांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

जाहिरात हा पुढच्या तक्रारीचा पाया असतो आणि ती टिकत नाही. निकालाचा फलक महिन्या-दोन महिन्यांत उतरतो आणि समाजमाध्यमांवरची स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. फलकाचे छायाचित्र काढताना आजूबाजूची ओळखीची खूण चौकटीत येऊ द्यावी, वर्तमानपत्रातले कात्रण तारीख दिसेल असे कापावे, मोबाइलवरच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट खात्याचे नाव आणि तारखेसह घ्यावेत, माहितीपत्रक जपून ठेवावे. ज्या मोबाइलवर हे साठवले तो विकू नये किंवा त्यातला मजकूर पुसू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडण्याची वेळ आली तर मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

फॉर्मवर काय लिहावे

आपण माहिती कुठे आणि किती सहज देतो, याकडे पालकांचे लक्ष फारसे जात नाही. माझ्या भाच्याने उदगीरला एका शाळेत भरलेली "मोफत स्कॉलरशिप टेस्ट" दिली. फॉर्मवर त्याचा, वडिलांचा आणि आईचा असे तीन क्रमांक, पत्ता, शाळा, दहावीचे अपेक्षित गुण, अगदी वडिलांचा व्यवसायही होता. तीन दिवसांनी माझ्या बहिणीला चार वेगवेगळ्या क्लासचे फोन आले आणि आठवड्याभरात परराज्यातल्या महाविद्यालयात पैसे भरून प्रवेश मिळवून देणाऱ्या एका मध्यस्थाचाही आला, ज्याला मुलाचे अपेक्षित गुण तोंडपाठ होते. परीक्षा घेणाऱ्या क्लासने कानावर हात ठेवले. कोणी माहिती फोडली हे सिद्ध करता आले नाही.

सिद्ध करण्याची सोय आपणच करून ठेवता येते. फॉर्ममध्ये खोटी माहिती लिहू नये, पण प्रत्येक ठिकाणी नाव किंचित वेगळ्या रीतीने लिहायला हरकत नाही. एका ठिकाणी वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर, तिसरीकडे मधले नाव वगळून. कोठे काय लिहिले ते वहीत टिपून ठेवावे. अनोळखी माणूस फोनवर ज्या रीतीने नाव घेतो, त्यावरून माहिती कोणत्या फॉर्ममधून गेली याचा अंदाज बांधता येतो. शक्य असेल तर अशा फॉर्मसाठी घरातले एक जुने सिम वेगळे ठेवावे. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, उत्पन्न, जात या गोष्टी सराव परीक्षेच्या फॉर्मला लागत नाहीत, म्हणून ते रकाने मोकळे सोडावेत.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणे ही तीत स्पष्टपणे येते. मात्र एक अडचण सांगितली पाहिजे. मोफत परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्याने पैसे दिलेले नसतात, त्यामुळे तो ग्राहक ठरतो का, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. पैसे भरून प्रवेश घेतलेल्याची माहिती फुटली असेल तर हा आक्षेप टिकत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. पण संमती, सूचना, माहिती पुसून घेण्याचा हक्क, मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करण्याजोगी संमती या मुख्य तरतुदी दीड वर्षानंतर, म्हणजे मे 2027 पासून लागू व्हायच्या आहेत. त्यानंतर अठरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय वापरणाऱ्याला दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. अकरावी-बारावीची जवळजवळ सगळी मुले या वयात बसतात. तरीही हा दंड सरकारजमा होतो, त्यातून पालकाला भरपाई मिळत नाही. म्हणून भरपाईसाठी या कायद्यानंतरही ग्राहक आयोगाचेच दार ठोठवावे लागेल.

पावती

रोख फी घेऊन पावती न देणे ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवरचे नाव आणि फलकावरचे नाव पुष्कळदा वेगळे असते, फलक "अकॅडमी"चा आणि पावती एखाद्या संस्थेची किंवा भागीदारीची. तक्रारीत दोन्ही नावे लागतात. यूपीआयने पैसे भरले तर ते कोणाच्या नावे जमा झाले याचा स्क्रीनशॉट लगेच घ्यावा. शक्य असेल तर वर्षाची फी एकदम भरू नये, हप्ते मागावेत. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थी मध्येच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृहाच्या शुल्कासह, दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. या सूचना राज्यांसाठी आहेत, त्यांच्या आधारे थेट वसुली होत नाही, पण हप्त्यांच्या बोलणीत आणि पुढे आयोगासमोर त्यांचा उल्लेख अवश्य करावा.

"भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" ही पावतीवरची ओळ वाचून बहुतेक जण गप्प बसतात. सेवा सदोष असेल तर ती बंद करून पैसे परत करण्यास नकार देणे हेही कलम 2(47) मध्ये येते. छापील ओळीने कायदा बाजूला सरत नाही.

आधी पत्र

तक्रारीपूर्वी नोटीस पाठवणे कायद्याने सक्तीचे नाही, तरी पाठवावी. तिच्यामुळे समोरच्याची भूमिका कागदावर येते आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. वकिलाचीच नोटीस हवी असे नाही. पुढील मजकूर पुरेसा आहे :

"आपल्या दिनांक … च्या जाहिरातीत … असे म्हटले होते, तिची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर विश्वास ठेवून मी दिनांक … रोजी पावती क्रमांक … अन्वये रुपये … भरले. प्रत्यक्षात … असे आढळले. याबाबत दिनांक … रोजी आपल्या कार्यालयात भेटून आणि दिनांक … रोजी संदेशाद्वारे कळवूनही कार्यवाही झाली नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेल्या … महिन्यांची फी रुपये … परत करावी. माझ्या पाल्याचे नाव, छायाचित्र व गुण जाहिरातीत वापरण्यास माझी संमती नाही. त्याची माहिती व आमचे मोबाइल क्रमांक आपण अन्य कोणास दिले असल्यास ते लेखी कळवावे आणि यापुढे देऊ नयेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दाद मागावी लागेल."

रिकाम्या जागी प्रसंग भरावा, विशेषणे भरू नयेत. "लुटारू", "फसवे" असे शब्द लिहिले की समोरचा बदनामीची भाषा करू लागतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावे.

याच दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मराठीत बोलता येते आणि खर्च काहीच नाही. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीला कळवून तडजोडीचा प्रयत्न करते. मोठ्या क्लासच्या बाबतीत याचा उपयोग होतो, गल्लीतल्या क्लासच्या बाबतीत क्वचितच. तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवावा, आपण आधी प्रयत्न केला हे त्यातून दिसते.

जिल्हा आयोगासमोर

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 2019 च्या कायद्याने एक मोठी सोय केली, ती कलम 34 मध्ये आहे : तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. क्लास लातूरचा असला आणि आपण हिंगोली जिल्ह्यात राहत असलो, तर हिंगोलीलाच तक्रार दाखल होते. पावतीवर "लातूर न्यायक्षेत्र" असे छापलेले असले म्हणून घाबरू नये.

जिल्हा आयोगाची मर्यादा मोबदल्याच्या रकमेवर ठरते. पन्नास लाखांपर्यंत भरलेल्या रकमेचे प्रकरण इथे येते आणि पाच लाखांपर्यंत तक्रार शुल्क शून्य आहे, त्यामुळे क्लासच्या फीच्या जवळजवळ सर्व तक्रारी विनाशुल्क दाखल होतात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मुलगा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर पालकाने तक्रारदार व्हावे. ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते, प्रत्यक्ष आयोगात जाऊनही करता येते. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची सूची आणि प्रती, एवढेच लागते. वकील सक्तीचा नाही.

इथे क्लासचा वकील पहिला आक्षेप हमखास घेतो : शिक्षण ही सेवा नाही, म्हणून विद्यार्थी ग्राहक नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजित कौर या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाबतीत तसेच म्हटले आहे. पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने मनू सोळंकी प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये शैक्षणिक संस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवताना शिकवणी केंद्रांना मात्र ती सवलत दिली नाही. तक्रारीतच हा निकाल नमूद करावा, आक्षेप येण्याची वाट पाहू नये. आजकाल अनेक क्लास कनिष्ठ महाविद्यालयाशी "इंटिग्रेटेड" करार करून दोन्हींची फी एकत्र घेतात आणि मग आपण महाविद्यालय असल्याचे सांगतात. म्हणून पावतीवर क्लासचे शुल्क वेगळे दाखवून घेणे हे प्रवेशाच्या दिवशीचे काम आहे.

मागणी नेमकी लिहावी : उरलेल्या काळाची फी, तिच्यावर व्याज, मानसिक त्रासाची माफक भरपाई, तक्रारीचा खर्च. पाच-दहा लाखांची भरपाई मागितली की आयोगाचा विश्वास कमी होतो, असे मला वाटते. कलम 39 खाली आणखी एक मागणी करता येते आणि ती फारसे कोणी करत नाही. क्लासने स्वतःच्या खर्चाने दुरुस्तीची जाहिरात द्यावी, असा आदेश मागता येतो.

नोटीस मिळाल्यावर क्लासला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात आणि आयोग आणखी जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतो. ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 साली स्पष्ट केले आहे. त्रेचाळिसाव्या दिवसापासून आपण तारखेवर लक्ष ठेवावे. कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून दृकश्राव्य सुनावणीची विनंती अर्जासोबतच करावी, म्हणजे एसटीचे हेलपाटे वाचतात. निकाल विरुद्ध गेला तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे. क्लासला अपील करायचे असेल तर आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर कलम 72 खाली अर्ज करावा, त्यात कारावासाचीही तरतूद आहे.

जाहिरात थांबवायची असेल तर

आपले पैसे मिळाले तरी फलक तसाच राहतो. कलम 17 नुसार फसव्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने करता येते आणि जिल्हाधिकारी चौकशी करून अहवाल प्राधिकरणाला पाठवू शकतात. प्राधिकरण जाहिरात बंद करायला किंवा बदलायला सांगते, दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करते. अशा तक्रारीत आपल्या फीची कहाणी दोन ओळींत संपवावी आणि बाकी सगळी जागा जाहिरातीला द्यावी : फलकावरचा दावा, त्यासमोर खरी स्थिती, मार्गदर्शक तत्त्वांतील कोणती अट मोडली, सोबत छायाचित्र. त्याच चेहऱ्याचे दुसऱ्या क्लासच्या फलकावरचे छायाचित्र मिळाले तर तेही जोडावे.

फोन थांबवायचे असतील तर

क्लासचे फोन बहुधा साध्या दहा अंकी क्रमांकावरून येतात. नोंदणीकृत प्रचाराचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यायला हवेत, त्यामुळे साध्या क्रमांकावरून केलेला प्रचार मुळातच नियमबाह्य आहे. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर अशा फोनची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते आणि त्यासाठी आपण आधी "प्रचाराचे फोन नकोत" अशी नोंद (डीएनडी) केलेली असणेही आवश्यक नाही. 1909 वर किंवा नियामकाच्या डीएनडी अॅपवर क्रमांक, तारीख आणि थोडक्यात मजकूर द्यावा. फोन उचलल्यावर लगेच ठेवू नये. "माझा क्रमांक आपल्याला कोठून मिळाला?" हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर टिपून घ्यावे. उत्तर देणारी मुलगी पगारावर काम करणारी असते, तिच्याशी भांडून उपयोग नाही. पण "स्कॉलरशिप टेस्टच्या यादीतून" असे सहज बोलून जाते, तेव्हा वहीतली नावांची नोंद काढून कोणता फॉर्म होता ते पाहता येते.